चीन शिकवायचा म्हणजे भांडणं शिकवायची

सीबीएसईच्या अकरावीच्या इतिहासात चीन येतो तो जपानच्या जोडीने, एकाच धड्यात. अफूची युद्धं, सन यत-सेन, माओ, डेंग, शेवटी थोडंसं तैवान, की झाला चीन. एवढा मोठा देश आणि वाट्याला मोजकी पानं, आणि वर ती वाचायची परीक्षेपुरती. पुण्यात मी हा धडा बऱ्याच वर्षांपासून शिकवतेय आणि दरवर्षी पुस्तकाने दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ खाते, त्याबद्दल स्टाफरूममध्ये बोलणीही खाते. जपान बिचारा मागे राहतो.

वेळ जातो तो धड्यात नसलेल्या गोष्टींवर. पोरं वर्गात येतात तीच चीन 'माहिती असलेली' येतात. कुणाच्या हातात चिनी फोन, कुणाचं टिकटॉक २०२० मध्ये बंद झालेलं अजून लक्षात आहे, कुणी युट्यूबवर बघून आलंय. युट्यूबवर दोनच प्रकारचे व्हिडिओ असतात, एक म्हणजे चीन आपल्या पन्नास वर्षं पुढे गेलाय आणि दुसरा म्हणजे चीन पुढच्या वर्षी कोसळणार आहे, आणि गंमत अशी की दोन्ही बघणारी पोरं एकच वाक्य बोलतात, "मॅम, ते लोक तसेच असतात." म्हणजे कसे? शिस्तीचे, मान खाली घालून काम करणारे, वरून सांगितलं की ऐकणारे, हजारो वर्षांपासून असेच. एकशे चाळीस कोटी लोक आणि स्वभाव एकच!

माझी सगळी खटपट हे 'तसेच असतात' वर्गातून बाहेर काढायची आहे. त्यासाठी भाषण देऊन काही होत नाही हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं. मी एवढंच करते, प्रत्येक टप्प्यावर विचारते की इथे कोण कोणाशी भांडत होतं. चीन आणि इंग्रजांचं भांडण पुस्तकात आहेच. मला हवं असतं ते चिनी लोकांचं चिनी लोकांशी.

पण त्याआधी एक तास युआन श्वांगचा. हर्षवर्धनाच्या काळातला हा चिनी प्रवासी सगळ्यांना नावाने माहीत असतो, पण तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून गेला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याने काय लिहिलंय, तर हे लोक स्वाभिमानी आणि साधे, उपकार विसरत नाहीत, अपमान केला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, पण सूड घ्यायच्या आधी शत्रूला तसं कळवतात. लढाईला जाण्याआधी वीरही दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, बायकांचे कपडे देतात. वर्ग एकदम खूश. हत्तींवर तर पाच मिनिटं जातात. मग मी विचारते की हे तुझ्या मामाला लागू होतं का, सोसायटीच्या चेअरमनला होतं का, आणि तुझ्या आईला? हशा होतो. एक मुलगी म्हणाली, आई सूड घेते पण आधी कळवत नाही. बस, आता एका माणसाने काही काळ फिरून अख्ख्या मुलखाबद्दल चार ओळीत लिहिलं की काय होतं ते कळलं ना, मग आता आपण चीनकडे जाऊ.

राजघराणी मी भराभर उरकते. इ.स.पू. २२१ मध्ये चिन शी हुआंगने सगळी राज्यं एक केली, लिपी एक केली, वजनमापं एक केली, गाड्यांच्या आसाची रुंदीसुद्धा एक केली, आणि काही वर्षांत पुस्तकं जाळायचा हुकूम काढला. का जाळायची? कारण पंडित जुन्या राजांची उदाहरणं देऊन नव्या राजाला नावं ठेवत होते. म्हणजे पहिल्याच सम्राटाच्या दरबारात वाद होता. फळ्यावर लिहायचं आणि पुढे.

सरकारी परीक्षेवर मात्र थांबावं लागतं, कारण तिथे पोरांचा जीव गुंततो. सुई घराण्याच्या काळात, सातव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत आली आणि १९०५ मध्ये बंद झाली, म्हणजे साधारण तेराशे वर्षं. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात वीस हजारांवर खोल्या, खोल्या कसल्या, एक माणूस बसेल एवढी खबदाडं, त्यात दोन फळ्या, त्याच टेबल आणि त्याच पलंग, दिवसेंदिवस तिथेच लिहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका बघितलेल्या पोरांना यात काहीच परकं वाटत नाही. गावाकडून आलेला मुलगा, घरच्यांनी लावलेला पैसा, वय वाढत चाललंय, यंदा तरी होईल. एमपीएससीवाल्या दादाचं नाव कुणीतरी घेतंच.

आणि मग मी त्यांना हाँग शिऊच्वानबद्दल सांगते. ग्वांगझूजवळच्या गावातला हुशार मुलगा, परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास, एकदा त्या धक्क्याने आजारी पडून तापात भलतीसलती स्वप्नं बघितली, आणि काही वर्षांनी मिशनऱ्यांची पुस्तिका वाचून ठरवलं की आपण येशूचे धाकटे भाऊ. हसू नका, म्हणते मी, कारण याच माणसाच्या मागे लाखो लोक गेले, त्याने नानजिंग घेऊन तिथे राजधानी केली, आणि १८६४ पर्यंत चाललेल्या त्या ताइपिंग बंडात मेलेल्यांचा अंदाज दोन कोटी आणि त्याहूनही जास्त सांगतात. आज्ञाधारक लोक म्हणे!

अफूचा भाग पुस्तकात असा येतो की इंग्रजांनी अफू विकली, चीनने विरोध केला, युद्ध झालं, चीन हरला. खरं आहे. पण बीजिंगच्या दरबारात त्याआधी काय चाललं होतं ते फार रंजक आहे. १८३६ मध्ये शू नायजी नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला लिहून दिलं की ही बंदी काही चालत नाहीये, अफू कायदेशीर करा, कर लावा, चांदी बाहेर जाणं तरी थांबेल. १८३८ मध्ये दुसऱ्याने लिहिलं की अफू ओढणाऱ्यांना फाशी द्या. सम्राटाने हा दुसरा प्रस्ताव प्रांताप्रांतात पाठवून मतं मागवली, आणि बहुतेकांना फाशी जास्त वाटली. लिन झेश्यू हा कडक बाजूचा, म्हणून त्याला अफू जिथे उतरायची त्या ग्वांगझू बंदरात पाठवलं, त्याने १८३९ मध्ये वीस हजारांवर पेट्या अफू चुना-मीठ घालून पाण्यात नासवली, राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं की तुमच्या देशात जे चालत नाही ते आमच्याकडे कसं पाठवता, आणि युद्ध अंगावर आल्यावर त्याच सम्राटाने त्याला पार पश्चिमेला शिनजियांगमध्ये हद्दपार केलं. वर्गात दोन गट पाडले की कायदेशीर करा वाले नेहमी जिंकतात, हे मला दरवेळी गमतीचं वाटतं. पोरांना करवसुलीचा मुद्दा लगेच पटतो.

ही अफू यायची कुठून, हा प्रश्न मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवते. बंगाल-बिहारची कलकत्त्याहून आणि माळव्याची मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून. मुंबईच्या कितीतरी व्यापारी घराण्यांचा पैसा त्यात होता. जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारात मोठे झाले, त्यात अफूही होती आणि कापूसही, आणि १८४२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी अफूचं युद्ध संपवणारा नानजिंगचा तह होऊन हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. जेजे हॉस्पिटल, जेजे स्कूल ऑफ आर्ट. आता इथे पोरं दोन टोकाला जातात, एक तर 'म्हणजे सगळं पापाचा पैसा' नाहीतर 'तेव्हा ते कायदेशीरच होतं'. मी काही निवाडा देत नाही. हॉस्पिटलमध्ये तेव्हापासून किती लोक बरे होऊन गेले तेही खरं, आणि ग्वांगझूच्या गल्लीत कोण काय ओढत पडलं होतं तेही खरं. चीनच्या धड्यात आपण प्रेक्षक नव्हतो एवढं मात्र त्या तासाला सगळ्यांना कळतं, मुंबईहून आलेल्या मुलांना जरा जास्तच.

(जाता जाता सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही सांगते, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, तिथेच लग्न केलं, १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. पण त्यांना अफूची भरपाई म्हणून वापरू नये असं मला वाटतं. तो माणूस हिशोब चुकवायला गेला नव्हता.)

आता माओ. इथे माझे तास सगळ्यात जास्त जातात आणि जायलाच पाहिजेत.

१९५८, ग्रेट लीप फॉरवर्ड, म्हणजे शेती आणि पोलाद एका उडीत वाढवायची माओची मोहीम. पुस्तकात दोन-चार वाक्यं, परसातल्या पोलादाच्या भट्ट्या, कम्यून म्हणजे गावांची एकत्र केलेली सामुदायिक शेती, वगैरे. मी त्यांना एक आकडा देते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ग्वांगशीतल्या हुआनच्यांगने जाहीर केलं की आमच्याकडे एका मू जमिनीत १ लाख ३० हजार जिन भात झाला. जिन म्हणजे अर्धा किलो. मू म्हणजे साधारण ६६७ चौरस मीटर, आपले साडेसहा गुंठे. काढा गणित. मोबाईल बंद असतात म्हणून वहीतच भागाकार चालतो आणि मग कुठूनतरी आवाज येतो, "मॅम, साडेसहा गुंठ्यात पासष्ट टन?" हो. "म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ९७ किलो?" हो. मुळशीकडे घरची भातशेती असलेला एक मुलगा होता, तो इतका हसला की त्याला पाणी प्यायला पाठवावं लागलं. त्याच उन्हाळ्यात पेपरात फोटो आला होता, शेतातल्या भाताच्या लोंब्यांवर लहान मुलं उभी आहेत, इतकं दाट पीक. खाली बाकडं लपवलेलं होतं.

हसून झालं की खेळ. प्रत्येक बाकाला एक कम्यून. तुम्ही सेक्रेटरी. खरं पीक मूला ४०० जिन. शेजारच्याने ८०० सांगितलंय आणि त्याचं जिल्ह्यात कौतुक झालंय. तुम्ही चिठ्ठीवर काय लिहाल? चिठ्ठ्या मी एकेक करून मोठ्याने वाचते, म्हणजे मागच्याला पुढच्याचा आकडा कळतो. मागच्या वर्षी तिसऱ्या बाकालाच तीन हजार झाले होते आणि शेवटचा बाक चाळीस हजारांवर गेला, मजा म्हणून. फक्त एका मुलीने ४०० लिहिलं. अख्खा वर्ग तिच्यावर ओरडायला लागला, 'अगं तू मरशील', 'तुझ्यामुळे आपल्या रांगेचे मार्क जातील', आणि ती लालबुंद होऊन बसली पण चिठ्ठी बदलली नाही. मग मी फळ्यावर दुसरी बाजू लिहिली. सरकार धान्य उचलणार ते जाहीर केलेल्या आकड्याच्या हिशोबाने. ज्याने चाळीस हजार लिहिले त्याच्याकडून किती मागणार? घरात किती उरलं? हसू हळूहळू जातं. यातून जो दुष्काळ आला त्यात किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत, आणि तो दुष्काळ नुसता पावसाने आणलेला नव्हता. १९६२ च्या जानेवारीत खुद्द राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओचीने कम्युनिस्ट पक्षाच्या हजारो कार्यकर्त्यांपुढे हुनानच्या शेतकऱ्यांचा हवाला देऊन सांगितलं होतं, तीस टक्के निसर्ग, सत्तर टक्के माणूस.

आणि ४०० लिहिणारी मुलगी? ती म्हणजे पेंग देहुआई. गरीब शेतकऱ्याचं पोर, कोरियाच्या युद्धात चिनी फौजांचा सेनापती, संरक्षणमंत्री. १९५९ च्या जुलैमध्ये लुशानच्या बैठकीत त्याने माओला पत्र लिहिलं, खाजगी, जपून शब्द वापरून, की काहीतरी चुकतंय. माओने त्या पत्राच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या. मग एकेक जण उठला आणि पेंगच्या विरोधात बोलला, त्यातल्या कितीतरी जणांना तो खरं बोलतोय हे माहीत होतं. पद गेलं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओने 'जुन्या' विचारांविरुद्ध आणि पक्षातल्याच विरोधकांविरुद्ध पेटवलेल्या मोहिमेत, रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या नावाने रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांनी मारहाण केली, १९७४ मध्ये कैदेतच वारला, १९७८ मध्ये पक्षाने मरणोत्तर त्याचं नाव पुन्हा स्वच्छ केलं. हे ऐकताना मागच्या वर्षीची ती मुलगी एकदम ताठ बसली होती.

याला जोडून हाय रुई आलाच पाहिजे, नाहीतर मजा नाही. मिंग काळातला हा अधिकारी, त्याने सम्राटाला तोंडावर 'तुम्ही राज्याकडे बघत नाही' असं लिहून पाठवलं आणि पाठवण्याआधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली. कैदेत पडला, पण तेवढ्यात सम्राटच मेला आणि हा सुटला. १९५९ मध्ये माओ स्वतःच म्हणत होता की हाय रुईसारखे निर्भीड व्हा. वू हान हा इतिहासकार आणि बीजिंगचा उपमहापौर, त्याने ते मनावर घेऊन हाय रुईवर नाटक लिहिलं. पुढे १९६५ मध्ये त्या नाटकावर टीकेचा लेख आला, मग ठरलं की हा हाय रुई म्हणजे पेंग आणि तो सम्राट म्हणजे आपले चेअरमन माओ. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात मेला. सांस्कृतिक क्रांतीची सुरुवात एका नाटकाच्या परीक्षणाने झाली हे पोरांना खरंच वाटत नाही.

पुढचं शिकवताना माझा आवाज बदलतो असं मुलं म्हणतात. ५ ऑगस्ट १९६६, बीजिंगमधली मुलींची शाळा, मोठमोठ्या नेत्यांच्या मुली तिथे शिकायच्या. उपमुख्याध्यापिका बियान झोंगयून यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारून मारून ठार केलं. पन्नाशीच्या बाई. मारणाऱ्या मुलींचं वय माझ्या समोर बसलेल्यांएवढं. बियानबाईंच्या नवऱ्याने कॅमेरा विकत आणून मृतदेहाचे फोटो काढून ठेवले आणि रक्ताचे कपडे जपून ठेवले, कारण कधीतरी कोणीतरी विचारेल. मी फोटो दाखवत नाही. वर्णनही करत नाही. फक्त सांगते, आणि मग २०१४ कडे येते, तेव्हा त्या वेळच्या विद्यार्थिनी नेत्यांपैकी एकीने शाळेत येऊन जाहीर माफी मागितली, आणि नव्वदीच्या घरातल्या नवऱ्याने ती नाकारली. बरोबर केलं का त्यांनी? यावर वर्ग कधीच एकमत होत नाही, आणि हा वाद मी बेल झाली तरी थांबवत नाही. एका वर्षी एक मुलगा म्हणाला होता की तिने नाव घेऊन सांगायला हवं होतं कोणी काय केलं, नुसतं 'मी वाचवू शकले नाही' ही काय माफी आहे का. मला त्याचं पटलं होतं, पण मी काही बोलले नाही.

यानंतर श्याओगांगचे शेतकरी, आनहुई प्रांतातले. १९७८ च्या हिवाळ्यात अठरा जणांनी गुपचूप कागद केला आणि अंगठे लावले, जमीन घराघरात वाटून कसायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरेल ते आपलं. आणि म्होरक्यांना अटक झाली तर बाकीच्यांनी त्यांची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. कायदा मोडत होते, त्यांना माहीत होतं. माओनंतर आलेल्या डेंगच्या आर्थिक सुधारणा म्हटलं की पुस्तकात डेंग दिसतो, मला आधी हे अंगठे दिसतात. आता तोच कागद राष्ट्रीय संग्रहालयात कौतुकाने ठेवलाय. सरकारला काय आवडेल ते सांगता येत नाही.

१९८९ बद्दल थोडकंच सांगते, कारण तो टँकपुढचा माणूस सगळ्यांनी बघितलेला असतो. मी त्यांना झाओ झियांग देते. पक्षाचा सरचिटणीस, म्हणजे कागदावर पक्षात सगळ्यात वरचा माणूस, १९ मे च्या पहाटे बीजिंगच्या तियानआनमेन चौकात जाऊन, लोकशाहीसाठी उपोषणाला बसलेल्या मुलांना भोंग्यावर म्हणतो की आम्हाला यायला उशीर झाला. त्यानंतर तो सार्वजनिक जीवनात दिसला नाही, २००५ मध्ये मरेपर्यंत घरातच बंदी. म्हणजे रणगाडे आणायचे की नाही यावरही वरच्या खोलीत भांडण होतंच.

पालकसभेत दोन प्रकारचे पालक भेटतात. एक म्हणतात एवढं चीन चीन कशाला, आपला इतिहास शिकवा. दुसरे म्हणतात छान, शत्रू ओळखलाच पाहिजे. दुसऱ्यांचं मला जास्त अवघड जातं, ते कौतुक करत असतात ना. आमच्या शाळेत फौजेतल्या लोकांची मुलं बरीच आहेत. एकाचे वडील लडाखला होते आणि गलवानचं सगळं घडलं तेव्हा तो लहान होता, घरात फोनची वाट बघत बसलेल्या आईबरोबर. या धड्याला तो फारसा बोलायचा नाही. एकदा मात्र म्हणाला, "मॅम, हे सगळं कळून काय फरक पडतो, ते तर तिथे उभेच आहेत ना." खोटं काय त्यात. मी म्हटलं, फरक पडत नाही, उभेच आहेत. मग फळ्यावर १९६२ चं साल लिहून त्याखाली जानेवारी आणि ऑक्टोबर लिहिलं. जानेवारीत लिऊचं ते भाषण, २० ऑक्टोबरला आपल्यावर हल्ला. त्याने वहीत उतरवून घेतलं. पटलं की नाही ते काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

शेवटचा तास आजच्या राजकारणाचा, तो खरं तर बारावीच्या पॉलिटिकल सायन्सच्या मॅडमचा प्रांत, पण प्रश्न माझ्याच तासाला येतात. तिथे निवडणुका नाहीतच का? गाव आणि काउंटी पातळीवर आहेत, उमेदवारांवर पक्षाची नजर असते, वर सगळं अप्रत्यक्ष. सर्वोच्च सभागृहात जवळपास तीन हजार प्रतिनिधी, पण खरा निर्णय पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या वरच्या मंडळाच्या, स्थायी समितीतली सात माणसं घेतात. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ ही अट घटनेतून काढली, त्याच्या मतदानाचा आकडा मी फळ्यावर लिहिते. बाजूने २९५८, तटस्थ ३, विरोधात २.

कोणीतरी लगेच म्हणतं, बघा, म्हटलं होतं ना, सगळे सारखेच. आणि कोणीतरी, यंदा ती मागच्या बाकावरची जी एरवी खिडकीबाहेर बघत असते ती, विचारते, "मॅम, ते दोघं कोण?"

गुप्त मतदान होतं, म्हटलं, कोणालाच माहीत नाही. मग त्यावर अंदाज सुरू झाले, म्हातारे असतील, रिटायर व्हायला आलेले असतील, चुकून दाबलं असेल, नवरा-बायको असतील, एकमेकांना माहीत तरी असेल का की दुसरंही कोणीतरी आहे. बेल झाली. जपान पुढच्या दोन तासांत उरकला, मेइजीच्या नोट्स ग्रुपवर टाकल्या.